मधुमेह आहे, पण कोणता?
(ट्रस्टच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. सुती व पॉलिएस्टर कापड शेजारी ठेवले तर पुष्कळदा नजर फसते. धागा जाळून पाहिला की उलगडा होतो : सुताची राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मधुमेहाचेही असेच आहे. 'एचबीए१सी' ६.५ टक्के किंवा अधिक आले, तर मधुमेह असल्याचे समजते. प्रकार मात्र त्या आकड्यावरून कळत नाही.

पहिल्या प्रकारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. दुसऱ्या प्रकारात शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही व कालांतराने त्याची निर्मितीही अपुरी पडते. इन्सुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादावरून हा भेद १९३६ साली हॅरोल्ड हिम्सवर्थ या ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवून दिला.

पहिला प्रकार मुलांचा आणि दुसरा प्रौढांचा, ही समजूत अपुरी आहे. ब्रिटनच्या थेरेसा मे यांना २०१२ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी, आधी दुसरा प्रकार असल्याचे सांगून गोळ्या देण्यात आल्या. त्या लागू पडेनात, तेव्हा फेरतपासणीत पहिला प्रकार निघाला. इन्सुलिन घेत असतानाच २०१६ साली त्या पंतप्रधान झाल्या.

म्हणून सडपातळ व्यक्तीचे वजन झपाट्याने घटत असेल, गोळ्यांनी साखर आटोक्यात येत नसेल किंवा लघवीत कीटोन आढळले असतील, तर डॉक्टरांना दोन तपासण्यांविषयी अवश्य विचारावे. 'जीएडी' प्रतिपिंडे आढळल्यास पहिल्या प्रकाराकडे निर्देश होतो. 'सी-पेप्टाइड' हा घटक शरीरात इन्सुलिनइतक्याच प्रमाणात तयार होतो. बाहेरून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. त्यामुळे आपली घरची कमाई किती, याचा हिशेब लागतो. आजाराच्या आरंभी हे आकडे फसवे असू शकतात. निष्कर्ष तज्ज्ञांनीच काढावा. सलग पिढ्यांत ऐन तारुण्यातच मधुमेह होत आला असेल, तर 'मोडी' हा जनुकीय प्रकारही संभवतो. त्याच्या काही रूपांत इन्सुलिनऐवजी साध्या गोळ्या पुरतात.

आपल्या समाजात उपवासाला मोठे स्थान आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. दुसऱ्या प्रकारच्या शेजाऱ्याने उपवासाच्या दिवशी गोळी सोडली, म्हणून पहिल्या प्रकारच्या रुग्णाने इन्सुलिन बंद करणे प्राणावर बेतू शकते. अन्न घेतले नाही तरी त्याच्या शरीराला इन्सुलिन लागतेच. ते न मिळाल्यास रक्तात आम्ल साठते. अशा रुग्णाने तपाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आपण प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवतो. मधुमेहाच्या फाईलीतही 'प्रकार कोणता व तो कशावरून ठरवला' ही एक ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, एवढीच नम्र विनंती.