मावशींचे अडीच तास
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



पंचवीस वर्षांत आपण काय काय केलं, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मला सेक्रेटरींनी पाच मिनिटं दिली आणि विषय दिला कचरा! जेवणाआधी हा विषय बरा नव्हे. पण आपल्याकडे सर्वांत जास्त भांडणं पार्किंगवरून झाली आणि त्याखालोखाल कचऱ्यावरून, म्हणून बोलतो.

तीन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत मीच तक्रार केली होती. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना आपल्या 48 फ्लॅटना अडीच तास लागतात, पार्किंगमध्ये पसारा दिसतो, तेव्हा माणूस बदला. अध्यक्ष म्हणाले, "काका, एक दिवस त्यांच्याबरोबर फिरून तर बघा." गेलो. जन्म इंजिनिअरकीत गेला, त्यामुळे घड्याळ लावूनच गेलो.

दोन्ही विंगचे सगळे मजले फिरायला लागली पन्नास मिनिटं. बाकीचा सगळा वेळ गेला खाली पार्किंगमध्ये. उकिडवं बसून एकेक पिशवी सोडायची, आमटी-भातातून दुधाच्या पिशव्या, बाटल्या, कागद वेगळे काढायचे. 48 पैकी 31 घरांचा कचरा एकत्र होता. एका पिशवीतून उघडं डायपर निघालं आणि त्याखाली फुटलेल्या ग्लासाच्या काचा. मावशी म्हणाल्या, "ही तुमच्याच घरची, काका." नातू आला होता आमच्याकडे. मग त्यांनी अंगठ्यावरचा व्रण दाखवला. "हे मागच्या दिवाळीचं. चार दिवस आले नव्हते, तेव्हा तुम्ही कमिटीला चिठ्ठी लिहिली होती."

मी काय बोलणार? मुकाट्याने घरी आलो.

मंडळी, आपल्या पुण्यात 1993 साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. त्यातूनच 2008 मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. आपल्या मावशी त्याच संस्थेच्या सभासद. म्हणजे आपली सोसायटी सहकारी आणि त्यांची संस्थाही सहकारी! आपण देतो त्या महिन्याच्या पैशांखेरीज सुका कचरा विकून त्यांना कमाई होते. पण खरकट्यात भिजलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. प्लॅस्टिक मिसळलेल्या ओल्या कचऱ्याचं धड खतही होत नाही. मग तो डेपोत जातो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराच्या कचऱ्यापायी वर्षानुवर्षं काय सोसलं, विहिरींचं पाणी कसं खराब झालं, ते आपण पेपरात वाचलेलं आहे.

कचरा घरातच वेगळा करा, असं 2016 च्या नियमांनी सांगितलं होतं. आपल्याला मात्र नियमापेक्षा मावशींचा अंगठा जास्त पटला. पुढच्या सभेत मी तक्रार मागे घेतली आणि चार गोष्टी ठरल्या. ओला आणि सुका कचरा वेगळ्या बादल्यांत. डायपर, पॅड कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका. काच आणि ब्लेड खोक्यात, हातात सांगून द्यायचं. बादल्या आठच्या आत दाराबाहेर. महिला मंडळाच्या भगिनी दोन महिने घरोघर फिरल्या, म्हणून हे जमलं. मागच्या महिन्यात मी पुन्हा घड्याळ लावलं. सगळं काम सव्वा तासात! वाचलेल्या वेळात मावशींनी शेजारची इमारत घेतली आहे. गाडी तीच, माणूस तोच. सुधारलो ते आपण. अजून सहा घरं राहिली आहेत. नावं घेत नाही, त्यांना ठाऊक आहे.

शेवटी एक मागणं. त्या दिवशी फिरताना मावशी एकदाही पाणी प्यायल्या नाहीत. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पाणी प्यायलं की जायचं कुठं?" आपल्या वॉचमनच्या केबिनमागे स्वच्छतागृह आहे. त्याला कुलूप असतं. रौप्यमहोत्सवानिमित्त आपण कमान केली, रोषणाई केली. छानच झालं. आता त्या कुलपाची एक किल्ली मावशींना देऊ या आणि तिथे साबण ठेवू या. खर्च जवळजवळ काहीच नाही. ठराव मी मांडतो, अनुमोदन तुम्ही द्या.