नावड आणि नक्षी



दिवाळी आणि संक्रांत या दोन सणांच्या निमित्ताने मी माझ्या आप्तेष्टांना व स्नेह्यांना जी भेटकार्डे धाडतो, ती बाजारातून विकत आणलेली नसून स्वहस्ते केलेली असतात आणि त्यांतल्या प्रत्येकावर एखादा तरी पक्षी असतोच असतो. ही गोष्ट माझ्या परिचितांत आता इतकी सर्वश्रुत झाली आहे की, हा कोणी पक्षिप्रेमी गृहस्थ असून याचे चित्त अष्टौप्रहर पाखरांच्या कूजनात रमलेले असते, असा समज त्यांच्या मनात दृढमूल होऊन बसला आहे. या समजापायी मला पुष्कळ सोसावे लागते. कोणी ऐन थंडीत, सूर्योदयाच्याही आधी, पाषाणच्या तलावावर बदके पाहावयास चलण्याचा आग्रह धरतो. कोणी डॉक्टर सालिम अली यांचा १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झालेला भारतीय पक्ष्यांवरील तो सुविख्यात ग्रंथ भेट देतो, आणि तो मजपाशी आधीच आहे हे सांगण्याचे धैर्य मला होत नाही. एका उत्साही स्नेह्याने तर पिंजऱ्यासकट पोपट आणून देण्याचा मनसुबा जाहीर केला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये देशी पोपट पाळणे हा गुन्हा आहे, हे त्यांच्या निदर्शनास आणून देता आले म्हणूनच मी त्या प्रसंगातून निभावलो.

वस्तुस्थिती अशी आहे की मला पक्षी आवडत नाहीत. मला त्यांचे भय वाटत नाही, त्यांचा द्वेषही वाटत नाही. त्यांचे सान्निध्य मात्र नकोसे वाटते. तो गोल, भावशून्य डोळा, जो मिटलाच तर आडव्या सरकणाऱ्या एका पातळ पडद्याने क्षणार्धात मिटतो व उघडतो. खोलीत चुकून शिरल्यावर भिंतीभिंतीवर आपटत होणारी ती पंखांची फडफड. आणि ते चालणे! कबूतर चालताना मान सारखी पुढेमागे हलविते असे आपणांस दिसते. प्रत्यक्षात ते डोके पुढे फेकून क्षणभर जागच्या जागी स्थिर धरते आणि धड मागाहून येऊन त्यास मिळते, एवढ्याचसाठी की समोरचे दृश्य त्याच्या दृष्टीस निश्चल दिसावे. ही उपपत्ती मला ठाऊक आहे आणि ती मोठी चतुराईची आहे हेही मी मान्य करतो, परंतु कारण समजल्याने किळस ओसरते असे नाही. तसेच, मूत्र आणि विष्ठा निरनिराळी टाकण्याची सोय निसर्गाने पक्ष्यांस दिलेली नसून त्यांच्या विटाळातला जो पांढरा भाग, तो पाण्यात सहजी न विरघळणाऱ्या यूरिक आम्लाचा असतो, हे ज्ञानही खिडकीची फरशी खरवडीत असताना फारसे सांत्वन करीत नाही.

माझी हयात दस्तनोंदणीच्या कचेरीत गेली, त्यामुळे ताबा आणि वहिवाट या विषयांत मला थोडीफार गती आहे. आमच्या मागील बाजूच्या वळचणीस कबुतरांच्या एका कुटुंबाने जी वहिवाट सुरू केली आहे, तिला ना खरेदीखताचा आधार, ना भाडेपट्ट्याचा, ना कुळकायद्याचा. असे असूनही बेदखलीचे सर्व इलाज, म्हणजे जाळी, वाऱ्यावर फडफडणाऱ्या चकचकीत कागदाच्या पट्ट्या आणि आमच्या सौभाग्यवतींचे लाटण्याने पत्रा बडविणे, हे विफल झाले असून आजमितीस ताबा त्यांजकडे आणि घरपट्टी मात्र मजकडे, असा प्रकार आहे.

मग असा मनुष्य कार्डावर पक्षी कोणत्या तोंडाने काढतो, असे आपण विचाराल. माझे म्हणणे असे की, नक्षीचा हिशेब आणि जिवंत प्राण्याचा हिशेब ही दोन खाती पूर्वापार वेगळी आहेत, आणि एकाची बाकी दुसऱ्यात ओढण्याचे काही कारण नाही. जोंधळा हुरड्यास आला म्हणजे माळ्यावर उभी राहून जी बाई गोफणीने दिवसभर पोपटांचे थवे हाकते, त्यांच्या नावाने बोटे मोडते, तीच घरी येऊन लेकराच्या कुंचीवर हिरव्या दोऱ्याने पोपट भरते, आणि यात काही विसंगती आहे असे तिच्या मनास शिवतही नाही. पैठण आणि येवला येथील विणकरांचे पाहा. पैठणीच्या काठापदरावरचे मोर आणि पोपट हे काही कोणी रानात जाऊन न्याहाळून उतरविलेले नाहीत. ते ताण्याबाण्याच्या हिशेबातून जन्मलेले आहेत. उभ्याआडव्या धाग्यांत खरी वक्र रेषा निघूच शकत नाही, मोराच्या मानेचा बाकही पायरीपायरीने, धागा धागा मोजूनच साधावा लागतो, आणि रंगीत बाणे एकमेकांत अडकवून विणल्यामुळे ती नक्षी उलटसुलट दोन्ही अंगांनी सारखीच दिसते. असा दुतर्फा सारखा मोर सृष्टीत कोठे आहे? आपल्या देवघरातल्या समयीवरचा मोर आणि आजीच्या चंचीशेजारचा पोपटाच्या आकाराचा अडकित्ता हेही त्याच जातीचे. त्यांना दाणा लागत नाही, त्यांची घाण काढावी लागत नाही.

नाताळच्या भेटकार्डांचा उगम ज्या देशातला, तेथेही प्रकार निराळा नाही. इंग्लंडात सर हेन्री कोल या गृहस्थांनी १८४३ साली जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे पहिले छापील कार्ड करवून घेतले, त्यावर पक्षी नव्हता. प्याले उंचावून बसलेले एक सुखवस्तू कुटुंब होते. पुढे मात्र तांबड्या छातीचा रॉबिन पक्षी नाताळच्या कार्डावर जो येऊन बसला तो आजतागायत उठलेला नाही. त्या काळी तेथील टपालवाल्यांचा गणवेश तांबडा असे आणि लोक त्यांनाच थट्टेने रॉबिन म्हणत, म्हणून कार्ड आणणाऱ्याचेच प्रतीक कार्डावर चढले, अशी याची उपपत्ती सांगतात. बर्फाच्छादित फांदीवर बसलेला तो गुबगुबीत जीव म्हणजे साक्षात सौजन्य आणि शेजारधर्म! परंतु डेव्हिड लॅक नावाच्या, त्या वेळी शाळामास्तर असलेल्या एका चिकित्सक गृहस्थाने या पक्ष्याचा वर्षानुवर्षे पिच्छा पुरवून १९४३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे सौजन्यमूर्ती महाशय आपल्या हद्दीबाबत किती खुनशी असतात हे सप्रमाण दाखवून दिले. त्यांच्या हद्दीत पेंढा भरलेला रॉबिन ठेवला तर ते त्याच्यावर तुटून पडतात. फार काय, नुसता तांबड्या पिसांचा झुबका बांधून ठेवला तरी तेवढाही त्यांस फौजदारीस पुरतो. हे वाचल्यापासून इंग्रजी भेटकार्डांविषयीचा माझा आदर दुणावला आहे. जो सद्गुण पक्ष्यात नव्हता तो चित्रकाराने त्यास बहाल केला, आणि साऱ्या राष्ट्राने तो मुकाट्याने मान्य केला.

पक्षिचित्रकारांचा मुकुटमणी जो ऑड्युबॉन, त्याच्या १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पक्ष्यांच्या महाग्रंथात चारशे पस्तीस भव्य चित्रे आहेत. ते पक्षी त्याने बंदुकीने टिपून, त्यांच्या कलेवरांत तारा खुपसून, हव्या त्या ढबीत उभे करून मग रेखाटले. हे प्रेम म्हणावयाचे तर माझी नावड पुष्कळच निरुपद्रवी आहे. अर्थात माझ्या पक्षास प्रतिकूल असा पुरावाही मी दडवून ठेवणार नाही. १९४९ साली पॅरिस येथे भरलेल्या शांतता परिषदेसाठी पिकासोचे जे कबूतर भिंतीभिंतीवर झळकले, ते मातिसने त्यास भेट दिलेल्या एका खऱ्याखुऱ्या कबुतराचे चित्र होते; पिकासोच्या वडिलांनीही कबुतरे रंगविण्यात आयुष्य वेचले होते, आणि त्याच वर्षी त्यास जी कन्या झाली तिचे नावही त्याने पालोमा, म्हणजे कबूतर, असेच ठेवले. तेव्हा प्रेम करूनही पक्षी काढता येतात. मी इतकेच म्हणतो की ते अनिवार्य नाही.

उलट नावडीचा एक फायदाच होतो. आवडत्या वस्तूकडे मनुष्य कौतुकाने पाहतो, आणि नावडत्या वस्तूकडे बारकाईने. खंड्याचे डोके त्याच्या देहमानाने किती थोर आणि पाय किती क्षुद्र आहेत, हे त्याच्या निळाईवर लुब्ध झालेल्या मनुष्याच्या ध्यानी सहसा येत नाही. आणि त्या निळाईचे तरी काय? मोरपीस खलात घालून घोटले तर निळी पूड मिळत नाही, काळपट तपकिरी भुकटी हाती येते. कारण पिसात निळा रंग मुळी नसतोच. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विशिष्ट रीतीने परावर्तित होतो, त्याचा तो भास असतो, आणि रचना मोडली की भास गेला. खंड्याच्या पाठीचीही तीच कथा. माझ्या कार्डावरचा निळा मात्र रीतसर निळा आहे. प्रशियन निळ्याच्या वडीत ओला कुंचला फिरवून मी तो घेतो, आणि तो घोटला तरी निळाच राहतो.

कागद मी हातकागदच वापरतो. ज्या पुण्यात पेशवाईत कागदीपुरा वसला, तेथे राहून गिरणीच्या कागदावर शुभेच्छा लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही, हे एक कारण. दुसरे व्यवहाराचे असे की, गिरणीच्या कागदातले तंतू एका दिशेने निजलेले असतात, म्हणून एका अंगाने घडी सुबक पडते आणि दुसऱ्या अंगाने ती खडबडीत होऊन फाटते. सुती चिंध्यांच्या लगद्याच्या हातकागदात तंतू चोहोकडे पसरलेले असल्याने घडी कोठूनही घाला, तो तक्रार करीत नाही. घडीच्या जागी आधी बोथट हाडाच्या पट्टीने रेघ दाबून घ्यावी. चित्र चिकटवावयाचे तर खळ घरी शिजवावी आणि तीत चिमूटभर मोरचूद घालावे, म्हणजे कसर लागत नाही. जुने बुकबांधणीवाले असेच करीत. पक्ष्याची चोच नेहमी कार्ड उघडण्याच्या बाजूस असावी. ती घडीकडे वळलेली असली तर पाहुणा दारातूनच परत फिरल्यासारखे दिसते. कार्डे करणाऱ्या पुष्कळांस ही एवढी गोष्ट का उमगत नाही, याचे मला नवल वाटते.

येत्या दिवाळीस कोतवाल काढण्याचे ठरविले आहे. आमच्या घरासमोरच्या विजेच्या तारेवर एक असतो. देहाने कावळ्यापुढे अगदीच किरकोळ, परंतु विणीच्या हंगामात तो कावळ्यांस, प्रसंगी घारींसही, असा काही पिटाळून लावतो की त्याच्या बंदोबस्ताच्या भरवशावर लहानसहान पाखरे त्याच्याच झाडावर घरटी करून राहतात. कबुतरांच्या बाबतीत मात्र त्याने अद्याप काही हालचाल केलेली नाही, ही माझी त्याच्याविरुद्ध एक कायमची फिर्याद आहे. तरीही चित्रास तो नामी आहे: सर्वांगी काळाभोर, चोचीच्या मुळाशी एक पांढरा ठिपका आणि टोकाशी दुभंगून बाहेर वळलेली लांब शेपटी. काळा रंग काजळीच्या शाईचा घ्यावा, त्यात निळ्याचा किंचित अंश मिसळावा, आणि ठिपक्यापुरता कागद कोराच सोडावा. पंचाईत एवढीच की चोच उघडण्याच्या बाजूस ठेवली तर एवढी शेपटी कार्डाच्या दर्शनी अंगावर मावत नाही. तेव्हा ती घडीवरून पलीकडे, पाठच्या अंगावर उतरवावी आणि तेथे तिच्या दोन फाट्यांच्या मधल्या जागेत माझे नाव घालावे, असा सध्या बेत आहे. आमच्या सौभाग्यवतींचे मत मात्र असे की नाव आत, शुभेच्छांच्या खालीच असावे, पाठीमागे ते कोणी पाहत नाही. निर्णय व्हावयाचा आहे.