वावरातल्या बाईच्या ‘वाईट सवयी’



‘कामाची परिस्थिती आणि आरोग्याच्या सवयी’ असा विषय मला दिला आहे. मी आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या वावरापुरतंच बोलणार आहे.

आरोग्य शिबिरात आपल्याला सांगतात, पाणी भरपूर प्या, लघवी दाबून धरू नका, हात धुऊन जेवा, तंबाखू-खर्रा सोडा. सल्ला खोटा नाही. पण त्यामागं एक गृहीत असतं, की बाई अडाणी आहे, बेफिकीर आहे, म्हणून आजारी पडते. माझं भांडण या गृहीताशी आहे.

वेचणी घ्या. मजुरी किलोवर. किलोभर कापसाला किती बोंडं लागतात हे तुम्हाला सांगायला नको. लघवीला जायचं तर तुरीच्या ओळींचा आडोसा शोधत लांब जायचं. सोबत कुणीतरी हवी, म्हणजे दोघींची वेचणी बुडाली. मग बाई सरळ हिशेब करते, की पाणीच कमी प्यायचं. तेही ऑक्टोबरच्या उन्हात. पुढं लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप. पाळीच्या दिवसांत कापड बदलायलाही जागा नाही, एकच कापड संध्याकाळपर्यंत. याला सवय म्हणायचं का?

खर्ऱ्याचंही तसंच. पहाटे उठून चूल, पाणी, लेकरं उरकून निघालेल्या बाईची भूक तंबाखूनं मरते आणि हात चालत राहतात. तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो, यात मी सूट मागत नाही. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, पण खर्रा घोटणं काही थांबलं नाही. पोटभर जेवायला सुट्टी आणि टेकायला सावली नसलेल्या बाईला ‘सोडा’ म्हणणं फार सोपं आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता फवारणी. आपण विषाला ‘औषध’ म्हणतो, तिथूनच फसवणूक सुरू होते. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. तेव्हाही बोट कुणाकडं दाखवलं गेलं? मजुराकडं. मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावर येत होता, आणि दमट उकाड्यात ते प्लॅस्टिकचे कपडे घालून कुणाला काम करवणार होतं? मुळात ते किती जणांना मिळाले होते?

त्या बातम्यांत बाई फारशी दिसली नाही, कारण पाठीवर पंप पुरुषाच्या असतो. पण त्या पंपासाठी विहिरीवरून, नाल्यावरून पाणी वाहून आणते ती बाई. कुठं कुठं विष कालवतेही तीच. विषानं भिजलेले कपडे घरी धुते तीही तीच. डोक्यावरून इतकं पाणी वाहिलं, तरी भाकर खाण्याआधी हात धुवायला त्यातलं पाणी उरत नाही. त्याच हातानं ती तंबाखू मळते. विष कातडीतून शिरतं तसं तोंडातूनही शिरतं. ‘हात धुवा’ हे सांगणाऱ्यानं पाण्याची घागर कोण आणणार तेही सांगावं.

१९४८ च्या कारखाना कायद्यानं कारखान्यात पिण्याचं पाणी आणि बायांसाठी वेगळं संडास-मुतारी सक्तीची केली. १९५१ च्या कायद्यानं चहा-कॉफीच्या मळ्यांवरही. कापसाचं वावर दोन्हींतून सुटलं. म्हणजे तोच कापूस जिनिंगमध्ये पोचला की कायदा जागा होतो, वेचणारीच्या वेळी झोपलेला असतो!

कुणी म्हणेल, वावराचा मालक स्वतःच कर्जात बुडालेला आहे. खरं आहे. आपल्यातल्या कितीजणी त्याच घरातल्या आहेत. म्हणून सगळा भार त्याच्यावर टाका, असं मी म्हणत नाही. पण चार बांबू आणि जुन्या लुगड्याचा आडोसा, प्यायच्या पाण्याचा झाकलेला ड्रम, हात धुवायला वेगळी घागर आणि साबण, जेवायची सुट्टी, यातलं कशाला कर्ज काढावं लागतं? फवारलेल्या वावरात लगेच निंदायला बोलवायचं नाही, याला तर काहीच खर्च नाही.

ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, हा आपला हक्क आहे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेआधीची सभा वेचणीच्या दीड-दोन महिने आधी येते. वेचणीचा भाव आपण दरवर्षी गटानं ठरवतोच. यंदा राळेगाव, केळापूर, घाटंजीकडच्या बायांनी भावाबरोबर आडोसा आणि पाणी हेही मांडावं, ठराव लिहून घ्यावा, त्याची नक्कल मागून घ्यावी. पहिल्या वेचणीला ड्रम आला की नाही, ते दिवाळीनंतरच्या बैठकीत प्रत्येक गावानं सांगायचं.