न सांगता फोन काय करतो?

आज बचत, हप्ता, व्याज यांतलं काही सांगायचं नाही. आज बोलायचं आहे फोनवर गाणी लावण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? बोट लावलं की गाणं लागतं. आम्हालाही तसंच वाटायचं, संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत.

त्या दिवशी समाजमंदिरात चार गटांच्या मिळून साठेक बाया जमल्या होत्या. गटाचा फोन वायरनं मोठ्या स्पीकरला जोडला, एक गाणं लावलं आणि आम्ही वाणाच्या ताटांकडं वळलो. गाणं संपलं. पुढचं गाणं लागेल असं वाटलं, तर स्पीकरमधून आमच्याच गटातल्या एका काकींचा आवाज आला. त्यांनी महिनाभरापूर्वी कर्जासाठी फोन केला होता, त्याचं ते रेकॉर्डिंग होतं. घरातलं कोणाला न सांगता आम्हाला विश्वासानं सांगितलेलं सगळं त्यात होतं. काय होतं ते आज पुन्हा सांगणार नाही. आम्ही धावत जाऊन वायर ओढेपर्यंत पाच-सहा वाक्यं ऐकू गेली. काकी दाराजवळच बसल्या होत्या. त्या उठल्या आणि वाण न घेता निघून गेल्या.

मग आम्ही बसून शोधलं, हे झालं कसं? दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे त्या फोनमध्ये येणारा-जाणारा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत होता. कोणी चालू केलं, कधी केलं, आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. दुसरी म्हणजे गाणी वाजवणारं ॲप फोनमधली आवाजाची प्रत्येक फाइल गोळा करून एकाच यादीत घालत होतं. गाणं असो, कॉल असो, कोणी पाठवलेला निरोप असो, त्याच्या लेखी सगळं सारखंच. एक संपलं की पुढचं लावायचं, एवढंच त्याला ठाऊक. आम्ही त्याला असं कर म्हटलं नव्हतं. पण असं करू नकोस, असंही म्हटलं नव्हतं.

आपण काहीच सांगितलं नाही तर यंत्र जे करतं, त्याला डिफॉल्ट सेटिंग म्हणतात. शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्याला जुनी आहे. एखादी बाई सभेला आली नाही आणि तिनं काही कळवलंही नाही, तर तिची बचत शेजारणीनं भरायची की दंड धरायचा? हे आपण गट सुरू करतानाच ठरवतो आणि नियमांच्या वहीत लिहितो. कारण बोलणारी बाई आपलं बघून घेते. नियम लागतो तो न बोललेल्या बाईसाठी. फोनचंही तसंच आहे. फरक इतकाच, की गटाचा नियम आपण ठरवला, आणि फोनचा नियम ॲप बनवणाऱ्यानं ठरवला. त्याच्या डोळ्यासमोर बहुतेक एक फोन आणि त्याचा एक मालक असतो. आपल्याकडं एक फोन गटाचा, नाहीतर घरातल्या चौघांचा. त्याला सोयीचं ते आपल्याला सोयीचं असेलच असं नाही.

म्हणून आम्ही एकच प्रश्न हाताशी धरला. जिला सेटिंग उघडता येत नाही, तिचं यातून नुकसान होणार नाही ना? त्या प्रश्नावर घासून आम्ही फोन नव्यानं लावला. काय काय केलं ते सांगतो. वही-पेन जवळ असेल तर टिपून घ्या.

पहिलं काम कॉल रेकॉर्डिंगचं. फोन लावायचं जे ॲप असतं, त्याच्या सेटिंगमध्ये बघा. सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होत असतील तर ते बंद करा. आधी साठलेली रेकॉर्डिंग काढून टाका. सगळ्याच फोनमध्ये ही सोय नसते, पण एकदा बघून घ्यायला काय जातं?

दुसरं काम गाण्यांच्या फोल्डरचं. फोनमध्ये एक वेगळं फोल्डर करा, नाव द्या 'गटाची गाणी'. वाजवायचं ते त्यातच ठेवा. मग गाण्याच्या ॲपला सांगा, एवढ्याच फोल्डरमध्ये बघ. प्रत्येक ॲपमध्ये हे जमत नाही. आम्ही व्हीएलसी घेतलं, कारण त्यात कोणती फोल्डर बघायची ते निवडता येतं. ते फुकट आहे आणि त्यात जाहिराती येत नाहीत. फ्रान्समधल्या एका महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये त्या कामाची सुरुवात केली आणि आजही एक ना-नफा संस्था ते चालवते. तुमच्या फोनमध्ये दुसरं ॲप असेल तर तेच ठेवा, पण ही सोय त्यात आहे का तेवढं तपासा.

तिसरं, गाण्यांचा क्रम. उलटसुलट वाजवायचं एक बटण असतं, त्याला शफल म्हणतात. गाण्यांना ते चालतं. पण आम्ही गरोदरपणातल्या आहाराची माहिती चार भागांत रेकॉर्ड करून ठेवली आहे. शफल चालू राहिलं तर तिसरा भाग आधी आणि पहिला शेवटी. ऐकणारीला वाटतं, आपल्यालाच कळत नाही. म्हणून शफल बंद ठेवायचं. ज्या दिवशी हवं असेल त्या दिवशी चालू करायचं.

चौथं, वायर निघाली तर काय? हेडफोनची पिन निसटली किंवा ब्लूटूथ तुटलं, की गाणं थांबलं पाहिजे. काही ॲपमध्ये ते तसंच फोनच्या स्पीकरवर वाजत राहतं. एसटीत बसलेली बाई सगळ्यांच्या नजरेत येते, आणि बंद कुठून करायचं हे तिला गडबडीत सापडत नाही. घरीच पिन काढून बघा. आवाज चालूच राहिला तर सेटिंगमध्ये हेडफोनबद्दलचा पर्याय शोधा.

पाचवं, आवाज किती? आम्ही वायरनं स्पीकर लावताना फोनचा आवाज पूर्ण वाढवत होतो आणि कार्यक्रम संपला की पिन काढून मोकळ्या होत होतो. नंतर त्याच पिनेला कोणाच्या लेकरानं हेडफोन लावला, तर तो पूर्ण आवाज थेट त्याच्या कानात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसानं आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर आवाज ८० डेसिबलच्या आत हवा, लहान मुलांसाठी ७५ च्या आत. तोच आवाज ९० वर गेला तर आठवड्याला ४ तासच सुरक्षित. डेसिबल आपण मोजत बसणार नाही. सोपा हिशेब एवढाच, की हेडफोनवर ऐकताना आवाजाची पट्टी ६० टक्क्यांच्या वर न्यायची नाही, आणि पिन काढण्याआधी पट्टी निम्म्यावर आणायची.

सहावं, पैशाचं. इंटरनेटवरून गाणी ऐकत असाल तर ॲपमध्ये आवाजाचा दर्जा निवडायला मिळतो. १२८ केबीपीएसवर तासाभराला साधारण ५८ एमबी जातात. ३२० वर तेवढ्याच वेळात १४४ एमबी, म्हणजे अडीचपट. भाकरी थापताना ओट्यावर ठेवलेल्या फोनच्या स्पीकरला त्यातला फरक दाखवता येत नाही. म्हणून दर्जा कमी किंवा मध्यम ठेवा, आणि डाउनलोड फक्त वाय-फायवर होईल असं करा. मुलीच्या अभ्यासाचं नेट आपल्या गाण्यात संपायला नको.

झोपताना भजन लावत असाल तर स्लीप टायमर लावा. अर्ध्या तासानं ॲप आपोआप थांबतं आणि सकाळी बॅटरी शिल्लक असते.

बाकी बरीच बटणं दिसतील. आवाज जाड-बारीक करायच्या पट्ट्या, रंग, चित्रं. त्यांना हात लावायची गरज नाही. ज्यात कोणाचं नुकसान नाही ते आहे तसं राहू द्यावं.

एवढं झालं म्हणून काकींचं झालेलं नुकसान भरून आलं का? नाही. त्या दोन सभांना आल्याच नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "काकी, चूक झाली. फोननं घोळ केला." त्यांनी आमच्यापुढं पाणी ठेवलं आणि म्हणाल्या, "फोनला काय बोलू बाई? मी फोनला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगितलं होतं."

यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. आम्ही त्यांच्यासमोर ते रेकॉर्डिंग काढून टाकलं, फोन त्यांच्या हातात दिला आणि यादीत आता काय काय उरलंय ते त्यांनाच बघायला लावलं. पुढच्या सभेत ठराव झाला. गटाच्या फोनवर कोणाचाही कॉल तिला विचारल्याशिवाय रेकॉर्ड करायचा नाही, आणि दर तीन महिन्यांनी हिशेबाच्या दिवशीच फोनची सेटिंग दोघींनी मिळून तपासायची. दोघींपैकी एक दर वेळी नवी. इतिवृत्तात तो ठराव आहे, खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत. काकी त्या सभेला आल्या होत्या. त्यांची सही सगळ्यांत शेवटी आहे.

तर मैत्रिणींनो, आज रात्री एक काम करा. घरात कोणी नसताना किंवा आवाज बारीक ठेवून एक गाणं लावा आणि ते संपेपर्यंत थांबा. संपल्यावर काय लागतं ते ऐका. तुम्ही न सांगता तुमचा फोन काय करतो, ते तुम्हाला तिथंच कळेल. आणि तो फोन गटाचा असेल, तर ऐकायला एकटीनं बसू नका, दुसऱ्या एकीला सोबत घ्या.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.