३२ वर्षांचं आयुष्य : कृपाबाई सत्यनाथन यांची आठवण

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या ख्रिस्ती स्त्रीच्या आयुष्यावर बोला, असं मला सांगितलं तेव्हा बऱ्याच जणींना वाटलं असेल की पंडिता रमाबाईंवर बोलणार. रमाबाईंबद्दल आपण दरवर्षी ऐकतो आणि ऐकायलाच हवं. पण आज मी कृपाबाई सत्यनाथन यांचं नाव घेऊन आले आहे. आडनाव दक्षिणेकडचं, माणूस मात्र आपल्या नगरचं. १८६२ साली अहमदनगरला त्यांचा जन्म झाला. वडील हरिपंत खिस्ती (खिस्ती हे आडनाव आहे बरं का, छपाईची चूक नव्हे) ब्राह्मण घरातून प्रभूकडे आलेले, अमेरिकन मराठी मिशनच्या अगदी सुरुवातीच्या देशी पाळकांपैकी. आई राधाबाई. १४ भावंडांत कृपाबाई तेराव्या.

वडील लवकर गेले. मग या मुलीला पुस्तकांची गोडी लावली ती थोरल्या भावाने, भास्करने. तो तिला घेऊन वाचायचा, तिच्याशी बोलायचा, तिचं म्हणणं ऐकून घ्यायचा. त्या काळात धाकट्या बहिणीचं म्हणणं ऐकून घेणारा भाऊ म्हणजे मोठीच गोष्ट. आजही फार घरांत तो सापडत नाही! तो भाऊही तरुणपणीच गेला. कृपाबाईंनी पुढे 'सगुणा' नावाची कादंबरी इंग्रजीत लिहिली, ती बरीचशी त्यांचीच गोष्ट आहे. त्यातली आई पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या मुलीवर वैतागते, कारण घरकाम पडून असतं. आपल्यातल्या किती जणींनी हे बोलणं खाल्लंय, हात वर करायला सांगत नाही.

मुंबईत मिशनरी बायकांच्या शाळेत शिकत असताना त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. त्यासाठी इंग्लंडला जायची संधीही चालून आली होती, पण प्रकृती नाजूक म्हणून ती सोडावी लागली. मग १८७८ मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. बायकांना तिथे प्रवेश मिळू लागून तीनच वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी त्या चमकल्या आणि वर्षभरातच तब्येत ढासळली. डॉक्टरकी तिथेच संपली.

या ठिकाणी पुष्कळ गोष्टी थांबतात. शिकायचं होतं, जमलं नाही, लग्न झालं, संपलं. कृपाबाईंचंही लग्न झालं, १८८१ साली. मद्रासला ज्या रेव्हरंड सत्यनाथन यांच्या घरी त्या राहत होत्या, त्यांच्या मुलाशी, सॅम्युएल यांच्याशी. नोकरीनिमित्त दोघं उटीला गेली. आजारी बाई थंड हवेच्या ठिकाणी गेली म्हणजे शाल पांघरून बसेल, असं आपल्याला वाटतं. या बाईंनी तिथे मुसलमान मुलींसाठी शाळा काढली.

आणि आपल्या कामाच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट : त्यांचा छापून आलेला पहिला लेख तोडा लोकांच्या भेटीवर होता. तोडा म्हणजे निलगिरीतले म्हशी पाळणारे आदिवासी. लेखावर नाव नव्हतं, नुसतं 'एक हिंदी स्त्री' अशा अर्थाची सही होती. तोडांकडे पाहायला उटीचे साहेब लोक पुष्कळ जात. या बाईंना मात्र त्यांच्याकडे जाऊन आल्यावर हाती लेखणी घ्यावीशी वाटली.

'सगुणा' १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमाने आली. मिशनरींच्या उपकाराबद्दल त्यात कृतज्ञता आहेच. पण देशी मुलींना कमी लेखणाऱ्या गोऱ्या बायकाही त्यात आहेत, आणि ते लिहिताना कृपाबाईंनी भीड ठेवलेली नाही. वसतिगृह चालवणाऱ्या आम्हा लोकांनी ती पानं अधूनमधून वाचावीत. आमच्या पाड्यावरच्या मुली उद्या लिहू लागल्या तर आमच्याबद्दल काय लिहितील, हा विचार माझी झोप उडवतो आणि ते बरंच आहे.

एकुलतं मूल तान्हेपणीच गेलं. दुखणं वाढत गेलं. त्यातच त्यांनी दुसरी कादंबरी, 'कमला', लिहून पुरी केली. ती एका हिंदू बालवधूची गोष्ट आहे. १८९४ साली कृपाबाई प्रभूकडे गेल्या, वय ३२. प्रेषितांच्या कृत्यांत टबीथा वारली तेव्हा विधवांनी तिने शिवलेले कपडे पेत्राला दाखवले. कृपाबाईंच्या मागे राहिली ती पुस्तकं.

आता माझ्या मनात हे सगळं का घोळतंय ते सांगते. आमच्या वसतिगृहात सातपुड्यातल्या एका पाड्यावरची मुलगी आहे. घरी पावरी, शाळेत मराठी, आणि आता अकरावी सायन्सला इंग्रजी. पुस्तक हाती लागलं की सोडत नाही. तिला सिकल सेल आहे. दुखणं उठलं की हाडं फोडल्यासारख्या वेदना होतात आणि आठवडा-आठवडा बुडतो. तिचे काका मागे भेटायला आले होते. चांगला माणूस आहे, पुतणीवर जीव आहे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हिच्यावर कशाला खर्च करता? हिचं काही खरं नाही. धडधाकट पोरीला शिकवा."

अगदी असाच प्रश्न मला आपल्या एका देणगीदार बंधूंनीही विचारला होता, फक्त जरा सभ्य भाषेत.

काकांना मी आधी आजाराचं सांगितलं. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घेतली, पाणी भरपूर प्यायलं, थंडीपासून जपलं, ताप अंगावर काढला नाही, तर दुखणं पुष्कळ आवरतं. कृपाबाईंच्या काळी डॉक्टरांच्या हाती आजच्या मानाने फारच थोडं होतं. २०२३ पासून सरकारची सिकल सेल मोहीम चालू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. आणि मग कृपाबाईंचं सांगितलं. डॉक्टरकी सुटली त्यानंतर या बाई १५-१६ वर्षं जगल्या, आणि तेवढ्यात शाळा, दोन कादंबऱ्या, मुलींच्या शिक्षणावरचे लेख. तिच्यावर केलेला खर्च वाया गेला असं कोण म्हणेल? भास्करला ठाऊक होतं का बहीण किती जगेल? त्याला तर स्वतःचंही ठाऊक नव्हतं.

काका काही बोलले नाहीत. जाताना पुतणीच्या हातावर शंभराची नोट ठेवून म्हणाले, "वही घे."

ही मुलगी बरी असते तेव्हा संध्याकाळी पाचवी-सहावीच्या पोरींना वाचून दाखवते. एखादा मराठी शब्द अडला की पावरीत सांगते. ते मला येत नाही, आमच्या शिक्षकांनाही येत नाही. पण वसतिगृहात गोष्टींची पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत मावतील एवढीच आहेत आणि ती सगळी त्यांची वाचून झाली आहेत. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. घरात मुलांची पुस्तकं पडून असतील, फाटकी चालतील पण पानं पुरी हवीत, तर नाव आणि फोन लिहून ठेवा. आम्ही येऊन नेऊ. अकरावीची फिजिक्स-केमिस्ट्री कोणाच्या घरी असेल तर ती वेगळी काढून ठेवा.