गोल बाटलीचें झांकण

नंदुरबार हें मिरचीच्या व्यापाराचें मोठें ठिकाण. त्या जिल्ह्यांतील कळसाडीसारख्या गांवीं चार कुटुंबांनीं मिळून लाल मिरचीचा सॉस बाटल्यांत भरण्याचें योजिलें, तर मिरची, मसाला व बाटल्या यांचा हिशेब सहज जुळतो. घोडें अडतें तें झांकणापाशीं. मिनिटाला किती बाटल्या बंद होतात, हें यंत्र विकणारा मोठ्या अभिमानानें सांगतो. दिवसाकांठीं ३०० बाटल्या भरणाऱ्यानें त्या आंकड्याचें काय करावें? आधीं झांकण ठरावें, मग यंत्र.

गोटीच्या सोड्यास झांकणच नसतें. हिराम कॉड या इंग्रज गृहस्थानें १८७२ सालीं काढलेल्या त्या बाटलींत वायूचा दाबच गोटीस रबराच्या कडीवर घट्ट बसवितो. पुढें १८९२ सालीं अमेरिकेंत विल्यम पेंटर यानें दांतेरी पत्र्याचें बूच काढलें. तें वरून सरळ दाबावयाचें. बाटली गोल कीं चौकोनी, यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु सॉसची बाटली एका बैठकींत संपत नाहीं. तिला आट्यांचें, पुन्हा लावतां येणारें झांकण हवें, आणि गोलाईचा त्रास नेमका येथेंच होतो. झांकण फिरूं लागलें कीं खालची बाटलीही त्याबरोबर फिरते. चौकोनी बाटली दोन सरळ पट्ट्यांमध्यें अडकते. गोल बाटलीस रबर लावलेल्या जबड्यांनीं किंवा दोहों बाजूंच्या पट्ट्यांनीं आवळून धरावें लागतें. दुकानांत कोरडी बाटली छान धरली जाते. भरतांना अंगावर तेलकट सॉस ओघळलेली बाटली तशी राहत नाहीं.

पिळाचा जोरही बेताचा हवा. कमी पडला तर हवा शिरते, माल गळतो. अधिक झाला तर प्लास्टिकचे आटे सरकतात आणि घरीं गृहिणीचें मनगट दुखतें. म्हणून ठराविक जोर येतांच आपोआप सुटणारी पकड यंत्रांत असावी. परीक्षा मात्र तत्काळ घेऊं नये. झांकणांतील चकती हळूहळू दबते व पीळ कांहींसा सैलावतो. बाटल्या रात्रभर कागदावर आडव्या ठेवून दुसऱ्या दिवशीं पाहाव्या. एक पेटी गळाली तर दुकानदार दुसरी घेत नाहीं, मग चार घरांची पुंजी त्या यंत्रांतच अडकून पडते.

वीज बेभरंवशाची असेल तेथें हातानें चालणारें यंत्रच पुष्कळदां बरें. तें पाहावयास जातांना आपल्याच डझनभर भरलेल्या बाटल्या, आपलींच झांकणें व तेलांत बुडविलेलें एक फडकें बरोबर न्यावें.