नाकावाटे मेंदूपर्यंत

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



सांगलीच्या हळद बाजारात पाऊल टाकताच वास जाणवतो. ईदच्या दिवशी लावलेले अत्तर क्षणात ओळखू येते. नाकाच्या छताशी असलेले गंधतंतू थेट मेंदूला जोडलेले आहेत, म्हणून हे घडते. याच वाटेने औषध पाठविता येईल काय, हा आजच्या शास्त्रज्ञांपुढील प्रश्न आहे.

पेशीतील जनुक निरोप पाठवितो आणि त्या निरोपाप्रमाणे प्रथिन तयार होते. हंटिंग्टनसारख्या आनुवंशिक मेंदूविकारात हा निरोपच सदोष असतो. 1998 साली अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी सूक्ष्म कृमींवर प्रयोग करून दाखविले की, आरएनएचे दुपदरी रेणू पेशीत सोडल्यास नेमका तेवढाच निरोप नष्ट होतो. 2006 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 2018 साली अमेरिकेत या तत्त्वावरील पहिले औषध मंजूर झाले. पण ते यकृतावर काम करते. मेंदूतील रक्तवाहिन्यांची भिंत असे रेणू आत येऊ देत नाही. म्हणून स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांत ते गुंडाळून नाकावाटे देण्याचे प्रयोग उंदरांवर चालू आहेत.

मात्र उंदराच्या नाकाचा जवळजवळ निम्मा भाग वास घेण्यासाठी असतो. माणसाचा दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यात नाकातील शेंबूड औषध लवकर वाहून नेतो. मेंदूपर्यंत पोचतो तो फार थोडा अंश. शिवाय ही वाट निर्धोकही नाही. दूषित पाण्यातील अमीबा नाकातूनच मेंदूत शिरतो; 2024 साली केरळात त्याने मुलांचे बळी घेतले.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे विस्मरण नाकात थेंब टाकून बरे करतो, असे कोणी सांगितले तर दागिने गहाण टाकू नका. जनुकाचा निरोप थांबविणारे असे नाकातील औषध आज कोठेही मंजूर झालेले नाही. प्रथम डॉक्टरांना विचारा.

आणि विद्यार्थ्यांनो, विशेषतः आमच्या मुलींनो, हे काम अपुरे आहे, हीच तुमची संधी आहे. औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सातारा जिल्ह्यात कराडला आहे, सांगलीतही आहे. बारावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवू नका. कोणास ठाऊक, ही अवघड वाट सुकर करणारे हात याच सभागृहात बसलेले असतील!

खुदा हाफिज.